न पाहिलेली गाठ

"ग्रंथी असेल गं आई, या वयात होतं असं," म्हणत बेहनामने गॅसवरच्या भाताच्या पातेल्याचं झाकण उचललं, वाफेत तोंड घातलं आणि विचारलं, "आज भाताच्या तळाला खरवड कशाची लावलीस? बटाट्याची की रोटीची?"

मुनीरेची बोटं ब्लाउजच्या दुसऱ्या बटणावर तशीच थबकली. शुक्रवारचं जेवण, बाहेर सगळी मंडळी जमिनीवर अंथरलेल्या सुफऱ्याभोवती बसलेली, आणि तिने कितीतरी दिवस मनाची तयारी करून, भात झाला का बघ असं निमित्त काढून या पोराला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं... डाव्या स्तनात काहीतरी टणक लागतंय रे, जरा हात लावून बघ, एवढंच वाक्य, पण ते ओठांवर आणताना भर हिवाळ्यात तिला घाम फुटला होता. आणि याने काय करावं? तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही! पातेल्यातल्या भाताला जेवढी नजर मिळाली तेवढीही तिच्या वाट्याला आली नाही.

"बटाट्याची," ती म्हणाली आणि तिने बटण लावून टाकलं.

बेहनाम म्हणजे तिचा धाकटा दीर. पण दीर म्हणायचा तो नावापुरता. युद्धाचे दिवस होते, मलायेरच्या आभाळात विमानं घिरट्या घालायची, आणि त्याच दिवसांत सासूबाई उतारवयातलं बाळंतपण न सोसून, मुलाचं तोंडही न बघता गेल्या. घरात ओली बाळंतीण एकच, मुनीरे, आणि तिची रेहाने तेव्हा जेमतेम मान धरू लागली होती. सुईणीने ते निळंजांभळं गाठोडं मुनीरेच्या मांडीवर ठेवलं, आणि सासऱ्यांनी दाराआडून, आयुष्यात पहिल्यांदा सुनेपुढे हात जोडून म्हटलं की पोरी, हा आता तुझा. त्या अर्धपोटी दिवसांत दोघांना पुरेल एवढं दूध कुठून यायचं? तिने पोटच्या पोरीला रेशनची दुधाची पावडर पाजली आणि दिराला उराशी धरलं... का, तर पोरीला आई होती, याला नव्हती. रेहाने ती पावडर ओकून टाकायची, रडून रडून झोपी जायची, आणि मुनीरे दुसऱ्या कुशीवर वळून बेहनामला पाजत राहायची.

दुधाने तो तिचा मुलगा झाला. त्याच्यासमोर तिला कधी डोकं झाकावं लागलं नाही. गोवर आला तेव्हा तीच उशाशी होती, आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या त्या जीवघेण्या वर्षीही त्याच्यासमोर डुलक्या खात तीच बसली होती. तो डॉक्टर होऊन गावात परतला तेव्हा तिच्या नवऱ्याने, हशमतने, जो लाकडावर नक्षी कोरण्यात सगळ्या मलायेरात नावाजलेला, भावाच्या दवाखान्याला अक्रोडाचा दरवाजा करून दिला, त्यावर द्राक्षाचे घड कोरले. गल्लीतल्या बाया मुनीरेला 'डॉक्टरांची आई' म्हणू लागल्या. मात्र दवाखान्यात, चार परक्या माणसांत, तो तिला 'आमच्या वहिनी' म्हणायचा. तिला ते खुपायचं, पण मोठ्या माणसाला कशाला टोकायचं, असं म्हणून ती गिळून टाकायची.

तर ग्रंथी. ग्रंथी तर ग्रंथी. मुनीरेने स्वतःची समजूत घातली, पण अंघोळीच्या वेळी साबणाचा हात तिथेच जायचा आणि ती तिथेच असायची, जर्दाळूच्या बीएवढी, बोटाखाली सरकेना, दाबली तरी दुखेना. रोज नाही म्हणून शपथ घ्यायची आणि रोज बघायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, घरात एवढा डॉक्टर बसलाय, तो म्हणतो ना काही नाही? मग? तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं?" आता यावर काय बोलावं माणसाने! कळत नव्हतं म्हणूनच तर विचारलं होतं.

हिवाळा ऐन भरात असताना एका सकाळी ती कुणालाही न सांगता डॉक्टर नस्तरन यांच्याकडे गेली. बायकांच्या आजारांच्या डॉक्टर, स्वभावाने गोड, हाताला गुण. पण मलायेर म्हणजे काही तेहरान नव्हे. दारातल्या मुलीने तिला पाहिलं मात्र, बाकावरच्या साऱ्या बायांना डावलून तिला आत नेऊन बसवलं, चहा आला, खडीसाखर आली, तुमच्या दारावरची द्राक्षं काय सुरेख आहेत हो, झालं. काय तो मान! तपासणं सोडून सगळं झालं. मुनीरेने चाचरत चाचरत गाठीचं सांगितलं, तशी डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, "पण डॉक्टर बेहनामनी बघितलं असेलच की?"

"त्याच्या कानावर घातलंय," मुनीरे म्हणाली.

"थांबा, विचारूनच घेते." आणि त्यांनी फोन लावला. खोली लहान, फोनचा आवाज मोठा. मुनीरेला शब्द न् शब्द ऐकू आला. "हो हो, मी बघितलंय. साधी ग्रंथी आहे. वहिनी जरा घाबरट आहेत, पाळी गेल्यापासून मन थाऱ्यावर नसतं त्यांचं. एखादी झोपेची गोळी द्या फार तर."

मी बघितलंय...! मुनीरेच्या कानांत ते दोन शब्द घुमत राहिले. कधी बघितलंस रे माझ्या राजा, भाताच्या पातेल्यात? तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं, साधं, चार शब्दांचं, की डॉक्टरीणबाई, त्याने बघितलेलं नाही. पण ते बोललं की काय झालं असतं? डॉक्टर बेहनाम स्वतःच्या आईबद्दल खोटं बोलतो, हे संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि डॉक्टर नस्तरन यांनी हात लावायचा प्रश्नच उरला नाही, कारण एका डॉक्टरने आपल्या घरच्या माणसाला तपासलं की त्यावर गावातल्या दुसऱ्याने हात ठेवायचा नाही, ठेवला तर तो त्याचा अपमान, अशी तिथली रीत. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि दारापर्यंत सोडायला आल्या. मुनीरे रस्त्यावर आली, डोक्यावरून घेतलेली चादर दातात धरली आणि बर्फातून चालत चालत रडली.

त्यानंतर म्हाताऱ्या डॉक्टर मोइनींकडे गेली. वाटलं, हे सासऱ्यांच्या वेळचे, बेहनामला शेंबडा असल्यापासून ओळखतात, हे तरी त्याच्या फोनची वाट बघणार नाहीत. मोइनींनी नाडी धरली, जीभ बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. जिथे बघायचं तिथे सोडून सगळीकडे बघितलं.

"दुखतं का?"

"नाही."

"मग झालं काय?"

"दुखत नाही म्हणूनच आले डॉक्टर. दुखलं असतं तर सोसलं असतं."

मोइनी पोट धरून हसले. साऱ्या जगातल्या बाया दुखतं म्हणून येतात, ही एकटी दुखत नाही म्हणून आली, असं त्यांनी कंपाउंडरलासुद्धा हाक मारून सांगितलं. मग म्हणाले की बेहनाम परवाच भेटला होता, त्याने पाहिलंय, तुला काही झालेलं नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे, चहा बंद कर आणि चिंता बंद कर. चिंता बंद! जणू चिंता म्हणजे नळ, पिळला की थांबला.

चिंता काही बंद झाली नाही, चहा मात्र झाला. मोइनींनी बेहनामला सांगितलं, बेहनामने हशमतला, आणि घरात मुनीरेच्या चहावर पहारा बसला. ज्या बाईने जन्मभर त्या घराला पहाटे उठून चहा पाजला, तिचा पेला नवरा उचलून बाजूला ठेवायचा, "डॉक्टर नाही म्हणालेत ना?" शेजारीण यायची ती सांगायची की माझ्या मावशीलाही अशीच गाठ होती, मेथ्या बांधल्या आणि विरली. नणंद फोनवरून सांगायची की बाई, मन रमव. प्रत्येकाला तिच्या गाठीबद्दल मत होतं. हात लावून बघायला मात्र एकजणही तयार नव्हता! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मुनीरे कधी कधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि रिकाम्या भांड्यांना सांगायची, "आहे रे बाबांनो. खरंच आहे. मी वेडी नाही." आणि मग स्वतःचंच हसू यायचं.

शुक्रवारी बेहनाम जेवायला येतच होता. तिच्या पानातलं काढून खात होता, जाताना तिच्या कपाळाचं चुंबन घेत होता. फक्त स्वयंपाकघरात एकटा यायचा बंद झाला होता. पाणी हवं असलं तरी बाहेरूनच हाक मारायचा. मुनीरेच्या ते लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ तिला लावता येत नव्हता, की लावायचा नव्हता, कोण जाणे.

नवरोजच्या, नव्या वर्षाच्या सणाआधीची झाडलोट आली. रेहाने मदतीला आली होती. रेहाने गावातल्याच शाळेत शिकवायची, जिभेला धार अशी की मुख्याध्यापिकासुद्धा दबकून असत. बेहनाम नात्याने तिचा काका, दुधाने भाऊ, वयाने बरोबरीचा, आणि तिला तो जन्मात आवडलेला नव्हता. दिवसभर गालिचे धुऊन झाल्यावर ती म्हणाली, "चल आई, तुझी पाठ चोळून देते." मुनीरेने आढेवेढे घेतले, पण हातच वर जात नव्हता, स्वतःची पाठ कुठली चोळणार? खरबरीत हातमोजा घालून रेहानेने पाठ चोळली, खांदा चोळला आणि मग तिला समोर वळवलं... आणि तिचा हात थांबला.

डाव्या स्तनाची कातडी एका जागी आत ओढली गेली होती. बुडबुड्यासारखी वर आलेली नव्हे, उशीला आतून टाका घातल्यासारखी.

"हे काय आहे?"

"ग्रंथी आहे."

"कोण म्हणालं?"

"बेहनाम."

"त्याने हे बघितलं? हे असं बघितलं आणि ग्रंथी म्हणाला?"

मुनीरे हो म्हणणार होती. तिचं तोंड त्या 'हो'साठी उघडलंही होतं. पण समोर पोटची पोर भिजल्या केसांनी उभी होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे डोळे उघडून पाहत होतं... "नाही," ती म्हणाली. "त्याने बघितलंच नाही. कुणीच बघितलं नाही गं." आणि ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून हमसून हमसून रडली.

रेहाने रडली नाही. तिने आईचं अंग पुसलं, कपडे घातले, केस विंचरले, आणि मग थंड आवाजात जे बोलली ते मुनीरेला गाठीपेक्षा जड गेलं. "त्याच्यासाठी माझ्या वाटचं दूध दिलंस. मी काही म्हटलं नाही, मला कळतच नव्हतं तेव्हा. आता त्याच्या अब्रूसाठी जीव देतेयस. तोही माझ्याच वाटचा आहे आई. तो मी देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी ती आईला हमदानला घेऊन गेली. तिथल्या सर्जन डॉक्टर फख्राई यांचं नाव तिने शाळेतल्या एका बाईकडून ऐकलं होतं. बाहेर बसलेल्या माणसाने मान वर न करता सांगितलं की नवरोज झाल्यावर या, आता गर्दी आहे, आणि मग हळूच विचारलं, कुणी ओळखीचं आहे का? डॉक्टरांपैकी कुणी? मुनीरेच्या तोंडून नाव निसटणारच होतं. जन्मभराची सवय, बँकेत, पोस्टात, बेकरीच्या रांगेतसुद्धा त्या नावाने वाट मिळालेली. रेहानेने तिचा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"नाही," मुनीरे म्हणाली. "माझं ओळखीचं कुणी नाही." ज्याला अंगावर पाजलं त्याला तिने त्या माणसासमोर नाकारलं, आणि नाकारताना तिला वाटलं की आपणच काहीतरी घोर पाप करतोय. त्या दोघी बसून राहिल्या. दुपार गेली, बाक रिकामा झाला, झाडूवाली येऊन झाडून गेली, तेव्हा घरी निघालेल्या फख्राईबाईंनी त्यांना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "या आत."

फख्राईबाई ना हसल्या, ना चहा मागवला. हात धुतले, चोळून ऊब आणली आणि तपासायला लागल्या. सगळीकडून, बसवून, झोपवून, हात वर करायला लावून, काखेतसुद्धा. त्यांची बोटं एका जागी थांबली, परत फिरून तिथेच आली. मुनीरे छताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भीतीचं नव्हे, सुटकेचं... आहे तर! माझ्याशिवाय आणखी एका माणसाच्या हाताला ती लागली!

सुई घालून तुकडा काढला. नवरोजच्या सुट्ट्यांत, लोक एकमेकांकडे मिठाई घेऊन जात असताना, उत्तर आलं. कर्करोग होता, आणि काखेतही उतरला होता. फख्राईबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं, स्तन काढावा लागेल, पुढे औषधं लागतील, आशा आहे, चांगली आशा आहे. आणि मग, थकल्या होत्या म्हणून असेल, जरा चिडूनच म्हणाल्या, "पण तुम्ही बायका अशा कशा हो? इतके दिवस अंगावर काढता. हिवाळ्यातच यायचं नाही का? तेव्हा काखेत काही नसतं कदाचित."

इतके महिने मुनीरे गप्प होती. नवऱ्यापुढे, नस्तरनपुढे, मोइनींपुढे. त्या क्षणी मात्र तिचा आवाज चढला आणि बाहेरचे लोक दाराकडे बघायला लागले.

"हिवाळ्यातच आले होते मी! हिवाळ्यातच आले होते. एकाकडे नाही, सगळ्यांकडे गेले. बटण काढून उभी राहिले. बघा म्हटलं. कुणी बघितलं नाही. अंगावर काढलं म्हणू नका मला. मी नाही अंगावर काढलं."

फख्राईबाई पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकले. माफ करा." साऱ्या प्रकरणात माफी मागणारी पहिली डॉक्टर तीच, आणि जिचा काडीचा दोष नव्हता ती!

बेहनामला रेहानेने फोनवर सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मुनीरेने ऐकलं नाही, पण तासाभरात तो घरात होता, आणि आल्या आल्या, भेदरलेलं माणूस जसं आधी ओरडतं तसा ओरडायला लागला. मला न विचारता हमदानला? परक्यासारखं बाकावर बसून? फख्राई मला ओळखतात, काय वाटलं असेल त्यांना? एक शब्द टाकला असतास तर...

"तू कधी पाहिलंस रे बेहनाम?" मुनीरेने विचारलं.

त्याची नजर दाराकडे गेली.

"नस्तरनला सांगितलंस, मी बघितलंय. मोइनींना सांगितलंस, बघितलंय. यांनाही सांगितलंस. मला एकदा सांग. कधी?"

हशमतने भावाकडे पाहिलं. त्याला हे ठाऊकच नव्हतं. "तू तपासलं नव्हतंस?" त्याने विचारलं, आणि बेहनामने मान खाली घातली.

"मला हात लावता आला नसता," बेहनाम म्हणाला, आणि त्याचा तो डॉक्टरी आवाज कुठल्या कुठे गेला. "तू बटणाला हात घातलास आणि मी पातेल्याचं झाकण उचललं. मी दुसऱ्या बायकांना तपासतो, आई. हाताला लागलं की लागलं म्हणून सांगतो, नजर न चुकवता सांगतो. पण तुला... हाताला लागलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. नाही बघितलं तर नाहीच, असं वाटलं. रोज वाटायचं, उद्या नेतो कुणाकडे. मग ते लोक विचारायचे आणि तोंडातून निघून जायचं, की बघितलंय."

"आणि मी ते झाकलं," मुनीरे म्हणाली. तिचा आवाज आता शांत होता आणि त्या शांततेचीच सगळ्यांना भीती वाटली. "दोनदा तुझं खोटं माझ्या कानांनी ऐकलं आणि दोन्हीदा गप्प बसले, लोकांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. तुझी मान ताठ राहिली बाळा. माझ्या काखेत गाठ उतरली. ज्याने तुला जगवलं ते तुला बघवलं नाही, होय ना? मग ऐक. ते दूध तुला हलाल नाही. मी ते तुला हलाल करत नाही."

हशमतच्या हातातला पेला खाली पडला. त्या मुलखात आई लेकाला रागाच्या भरात काय वाटेल ते बोलेल, घराबाहेर काढेल, पण हे बोलत नाही. लढाईवर जाणारी मुलं आईच्या तोंडून 'दूध हलाल', म्हणजे त्याचं काही ऋण तुझ्यावर नाही, हे ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. आणि ज्याच्या वाट्याला याच्या उलट शब्द आला, त्याचं इथेही बरं नाही आणि वर गेल्यावरही नाही. "मुनीरे, शब्द मागे घे," हशमत रडकुंडीला येऊन म्हणाला. "घेत नाही," ती म्हणाली. बेहनाम भिंतीला टेकत टेकत खाली बसला, लहान मुलासारखा. आणि ज्या रेहानेने त्याची अशी खोड मोडावी म्हणून जन्मभर वाट पाहिली होती, ती ओढणी तोंडात कोंबून रडत होती.

त्यानंतर तो आला नाही. शुक्रवार आला, सुफरा पसरला, त्याची जागा रिकामी राहिली. मुनीरेचा राग ओसरत नव्हता, आणि रागाच्या बुडाशी जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं... कारण दारात पावलं वाजली की तिचे कान टवकारत, आणि कान टवकारले म्हणून तिला स्वतःचाच संताप येई.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हमदानच्या इस्पितळात नातलगांची रीघ लागली. मोठ्या प्रवासाला, मोठ्या दुखण्याला निघालेल्या माणसाकडे सगळे आपलं चुकलंमाकलं माफ करून घेतात, तशी नणंद आली, शेजारीण आली, मेथ्या बांध म्हणणारी तीच, आणि मुनीरेने सगळ्यांना म्हटलं, हलाल, हलाल. हशमत तर तिच्या पायांशी उभा राहून चहाच्या पेल्यांची माफी मागत होता; तिने त्याला म्हटलं की घरी गेल्यावर पातेलंभर चहा कराल तरच.

सर्वांत शेवटी बेहनाम आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. माफी मागायला तोंड उघडेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो मुनीरेकडे न जाता आधी फख्राईबाईंसमोर जाऊन उभा राहिला. त्या ऑपरेशनच्या तयारीसाठी आल्या होत्या, मागे शिकाऊ डॉक्टर होते, परिचारिका होत्या, दारात नातलग होते.

"मी डॉक्टर बेहनाम," तो म्हणाला. "मलायेरचा. ही माझी आई आहे. हिवाळ्यात हिने मला गाठ दाखवायचा प्रयत्न केला. मी पाहिली नाही आणि पाहिली असं खोटं सांगितलं. डॉक्टर नस्तरनना आणि डॉक्टर मोइनींना मी फोन करून खरं काय ते सांगितलंय. तुमच्या कागदांत कुठे लिहिलं असेल की बाई उशिरा आली, तर ते खोडा. बाई वेळेवर आली होती."

हशमत पुटपुटला, "अरे, सगळ्या गावात होईल आता..."

"होऊ दे दादा."

मुनीरे उशीवरून त्याच्याकडे बघत होती. चार परक्या माणसांत तो तिला आई म्हणाला होता. जी अब्रू तिने स्वतःच्या छातीचा आडोसा करून राखली होती, ती त्याने सगळ्यांदेखत काढून खाली ठेवली होती, आणि तिला वाटलं होतं की तसं झालं तर आपला जीवच जाईल, पण झालं उलटंच. महिनोन्महिने छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं झालं आणि तिला मोकळा श्वास आला.

"इकडे ये," ती म्हणाली. "बाकीचे बाहेर जा."

सगळे गेले. फख्राईबाईंनी पडदा ओढला आणि त्याही बाजूला झाल्या. मुनीरेने इस्पितळाच्या झग्याची गाठ सोडली.

"बघ."

"आई, आता कशाला... आता तर सगळं..."

"मला दाखवायचं होतं ते तुलाच होतं. नस्तरनला नाही, मोइनींना नाही. थोड्या वेळाने दाखवायला काही उरणार नाही. परक्या बाईला बघतोस तसं बघ. आणि काय लागतं ते मला सांग."

बेहनामने हात धुतले. एकमेकांवर घासले, ऊब येईपर्यंत घासत राहिला, आणि मग त्याने हात पुढे केला. शिकलेली बोटं आपोआप शहाणी झाली, एका कडेने गोल गोल फिरत गेली आणि थांबली. त्याने डोळे मिटून घेतले. "डोळे उघड," मुनीरे म्हणाली, आणि त्याने उघडले.

"गाठ आहे," तो म्हणाला. आसवं गालांवरून ओघळून तिच्या हातावर पडत होती, पण आवाज त्याने मोडू दिला नाही. "टणक आहे. हलत नाही. वरची कातडी आत ओढली गेलीय. काखेत एक आहे... नाही, दोन आहेत. ग्रंथी नाही, आई. ग्रंथी नव्हती. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

एवढंच! एवढंच ऐकायला ती हिवाळाभर दारोदार फिरली होती. तिने त्याचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं, त्याच कुशीत, आणि तो मोठा डॉक्टर तिथे तोंड लपवून असा रडला की पडद्याबाहेर हशमतने भिंतीवर कपाळ टेकलं.

"हलाल," मुनीरे त्याच्या केसांत म्हणाली. "थेंब न् थेंब हलाल. रेहानेचीही माफी माग, त्यातलं निम्मं तिचं होतं."

ढकलगाडी आली. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी तो थांबला, कारण पुढे नातलगांनी यायचं नव्हतं. मुनीरेने फख्राईबाईंना विचारलं की याला आत येऊ द्याल का, आणि त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणून येणार असतील तर येऊ दे. मुनीरे बेहनामला म्हणाली, "चल मग. पण आता कुठे दुसरीकडे बघायचं नाही."

त्याने टोपी घातली, तोंडावर फडकं बांधलं आणि तिच्या उशाशी येऊन उभा राहिला. दंडात सुई टोचली, तिच्या पापण्या जड होऊ लागल्या. तिने एकदा वर पाहिलं. फडक्याच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते, लाल झालेले, ओले. ती झोपी गेली तेव्हाही ते तिच्याकडेच पाहत होते.